दर्याला खत कोण घालतो?



बंदी संपायला आता पंधरा-सोळा दिवस राहिले. जेटीवर इंजिनांची कामे चालू आहेत, कोणी जाळी शिवतोय, कोणी खलाशांना फोन लावून "कधी येतोस रे?" म्हणून विचारतोय. अशा वेळी सचिवाने डिझेल, लायसन्स आणि बर्फ यावर लिहावे अशी तुमची अपेक्षा असणार. ते सगळे नोटीस बोर्डावर लावले आहे, जाता-येता वाचून घ्या. आज मी लिहितोय ते बारीक तारल्यांबद्दल. आणि हे माझे स्वतःचे मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे. पटले नाही तर सभेत उभे राहून सांगा, मी खाली बसून ऐकेन.

गेल्या हंगामात ऑक्टोबरात चार-पाच दिवस आपल्या जेटीवर काय झाले ते सगळ्यांनी बघितले. पर्ससीनला बोटाएवढे तारले लागले. होड्या काठोकाठ भरून आल्या. पण बाजारात त्या मालाला गिऱ्हाईक कुठले? मग फिश मिलचा ट्रक आला, दुसऱ्या दिवशी दोन आले. फावड्याने माल भरला. वजन माझ्यासमोर झाले, पावत्या मी फाडल्या, सोसायटीचे कमिशनही मीच वहीत जमा केले. म्हणजे मी बाहेर उभा राहून कोणाला शहाणपण शिकवत नाही. त्या पावत्यांवर सही माझी आहे.

त्या दिवशी आमची एक मासे विकणारी मावशी रिकामी टोपली घेऊन उभी होती. तिने मूठभर तारले हातात घेतले आणि म्हणाली, "सचिवबाब, याचे डोके काढले की उरते काय? पोरे आहेत रे ही, पोरे." मी हसून विषय बदलला. पण जानेवारीत काटाळीवाले रिकाम्या होड्या घेऊन यायला लागले आणि दोघांनी कर्जाचा हप्ता पुढे ढकलायचा अर्ज दिला, तेव्हा मला तिचे बोलणे आठवले. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले. जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

आधी एक जुनी गोष्ट. माझ्या लहानपणी तारले इतके यायचे की खाऊन, विकून, खारवून उरायचे. उरलेले वाळूवर सुकवायचे आणि माडांना घालायचे. पावसाच्या तोंडावर माडाभोवती आळे करायचे, त्यात मीठ आणि सुके तारले टाकून वर माती ओढायची. ज्यांची भाटे होती ते गाडीने तारले न्यायचे. आजोबा म्हणायचे, "माड दर्याचे खातो म्हणून नारळ देतो." नारळी पौर्णिमेला त्यातलाच एक नारळ आपण दर्याला द्यायचो. हिशेब पुरा.

तर माडाला खत दर्याने घातले. मग दर्याला खत कोण घालतो?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण विचार करा. शेतात भात पिकवायचे तर खत लागते. दर्यात वर्षानुवर्षे इतकी मासळी पिकते, ती काय नुसत्या खाऱ्या पाण्यावर? तिथेही झाडपाला लागतो. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात तरंगणारी बारीक वनस्पती असते, तिला शास्त्रज्ञ फायटोप्लँक्टन म्हणतात. त्यातल्या डायटम नावाच्या जातीला काचेसारखे कवच असते. पाणी हिरवट-तपकिरी झाले की आपला तांडेल लगेच म्हणतो, "पाण्याला रंग आलाय, मासळी असणार." तो रंग याच वनस्पतीचा. तिला वाढायला ऊन लागते आणि खत लागते. खत म्हणजे तेच जे शेतात लागते, नत्र आणि स्फुरद. डायटमला कवचासाठी सिलिकाही लागते.

आता अडचण अशी की ऊन वर आहे आणि खत खाली. दर्यात जे काही मरते, जी विष्ठा पडते, ती तळाला जाते. तिथे जिवाणू ती कुजवतात आणि त्यातून नत्र-स्फुरद पुन्हा मोकळे होते. पण ते अंधारात, खोल पाण्यात. खोलीत बंद करून ठेवलेल्या खताच्या गोणींसारखे.

या गोणी वर आणण्याचे काम पावसाळा करतो. जून ते सप्टेंबर या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो आणि त्याचा काही जोर किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे लागतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे किनाऱ्यापासून बाहेर ढकलले जाते. मोकळ्या झालेल्या जागी खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर चढते. हे आधी दक्षिणेत केरळकडे सुरू होते आणि वर सरकत आपल्याकडे येते. त्यात मांडवी, झुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्या गढूळ पाणी आणून ओततात. दर्यात जणू नांगरणी आणि खत एकाच वेळी होते.

आणि पेरणीही तेव्हाच. तारले मुख्यतः पावसाळ्याच्या महिन्यांत अंडी घालतात. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांच्या तोंडाजवळ अन्न तयार असते. म्हणून मी म्हणतो, बंदी ही सरकारने माशांवर केलेली मेहेरबानी नाही आणि आपल्यावर लादलेली शिक्षाही नाही. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे, त्याआधी ती ४७ दिवसांची होती. ते दोन महिने दर्याच्या शेतात मृग आणि आर्द्रा चालू असतात.

आता सांगा, जूनमध्ये पेरलेले भात कोणी ऑगस्टमध्ये कापतो का? ऑक्टोबरात जाळ्यात आलेला बोटभर तारला हा त्याच पावसाळ्यात जन्मलेला असतो. दोन महिने आपण उपाशी राहून राखण केली, आणि कणसात दूध भरायच्या आत विळा घातला. मग राखण कशाला केली?

काही जण म्हणतील, एक तारला तो काय, दर्यात हजार जातीचे मासे आहेत. खरे आहे. पण तारल्याची जागा वेगळी आहे. तारल्याचा गळा उघडून बघा. कल्ल्यांना आतून बारीक फणीसारखे दाते असतात. तोंड उघडे ठेवून तो पोहतो, पाणी कल्ल्यांतून जाते आणि डायटम त्या फणीत अडकतात. म्हणजे तारला सरळ दर्याचे गवत खातो. गवत खाऊन दूध देणारी गाय असते ना, तसा हा गवत खाऊन तेल आणि मांस करणारा मासा. पाण्यातल्या त्या न दिसणाऱ्या गवतापासून इसवणापर्यंतच्या वाटेवर तारला हा मधला पूल आहे. बांगडाही तसाच, पण तो गवताबरोबर बारीक किडेही खातो.

या पुलावरून कोण कोण जाते बघा. इसवण तारल्यामागून येते. कुप्पा येतो, मोरी येते, माणक्या पिल्ले खातात, डॉल्फिन थव्याला घेरतात, वरून पाणपक्षी तुटून पडतात. इसवणाला गळ टाकणाऱ्याने वर्षात तारल्याला हात लावला नसेल, पण त्याची कमाई तारल्यावरच उभी आहे. म्हणून जेव्हा पर्ससीनवाला म्हणतो "बारीक तारले पकडले तर काटाळीवाल्याच्या पोटात का दुखते?" तेव्हा उत्तर हे आहे. एकच शिडी आहे, खालची पायरी काढली की वरचा पडतो.

आणखी एक गोष्ट मला वाचून नवल वाटले. मासा मेल्यावरच खत होतो असे नाही, जिवंतपणीही तो खत घालत असतो. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून नत्र पाण्यात मिसळत राहते. वरच्या उजेडाच्या पाण्यात फिरणारा थवा जे खातो त्यातले बरेचसे तिथेच परत देतो, आणि त्यावर पुन्हा गवत उगवते. चरणारी गुरे शेतातच शेण टाकतात तसे. थवा नाहीसा झाला की खाणाराही गेला आणि देणाराही गेला.

मग खाल्ले न गेलेले ते गवत जाते कुठे? मरते आणि तळाला जाते. कुजायला प्राणवायू लागतो. आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर ही बाब फार नाजूक आहे, आणि ती शोधणारे लोक दोनापावलाला आपल्या शेजारीच बसतात. राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था १९९० च्या दशकापासून कांदोळीसमोरच्या समुद्रात नियमित पाणी तपासत आली आहे. त्यांना दिसले ते असे. पावसाळ्यात वर आलेल्या थंड पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो. वरची हवा खाली पोचत नाही. तळाला कुजणे चालूच. मग ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो, काही वेळा सडक्या अंड्याच्या वासाचा वायूही तिथे तयार होतो. २००० साली हे शोधन जगापुढे मांडले गेले. हे काही प्रमाणात निसर्गाचेच चक्र आहे, पण जमिनीवरून वाहून येणारे रासायनिक खत ते वाढवत असावे असे त्यांचे म्हणणे आहे.

आपल्याला यात काय? एक म्हणजे तळाची मासळी, सुंगटे, कुर्ल्या यांना त्या पाण्यात जगता येत नाही. ज्याला पळता येते तो पळतो, ज्याला येत नाही तो मरतो. दुसरे म्हणजे, प्राणवायू संपला की काही जिवाणू त्याच्या जागी नत्राचे खत वापरतात आणि त्याचा वायू होऊन हवेत उडून जातो. म्हणजे कुजणे प्रमाणाबाहेर गेले की गोणीतले खतच उडते. वरच्या पाण्यात कोणीतरी ते गवत खाऊन संपवणे म्हणूनच चांगले. ते काम दर्याने तारल्याला दिले आहे, आणि आपण त्याला ट्रकमध्ये भरतो.

याचा शेवट काय होऊ शकतो त्याचे उदाहरण आफ्रिकेच्या नामिबिया देशात आहे. तो किनाराही आपल्यासारखाच, वाऱ्याने खालचे थंड पाणी वर येते, खूप गवत, खूप तारले. त्यांचा तारला आपल्या तारल्याचा चुलतभाऊ म्हणा. १९६८ साली तिथे सुमारे १४ लाख टन तारले मारले. कारखाने उभे राहिले, मोठा भाग कुटून पीठ आणि तेल करायला गेला. मग तारला कोसळला. पन्नास वर्षे झाली, तो काही परत सावरला नाही. २०१८ मध्ये तर त्यांना तारल्याची मासेमारी तीन वर्षांसाठी पूर्ण बंद करावी लागली. त्याच्या जागी कोण आले? जेलीफिश. २००६ साली शास्त्रज्ञांनी मोजणी छापली, त्या पाण्यात जेलीफिश १ कोटी २२ लाख टन आणि मासे ३६ लाख टन. जेलीफिश माशांची अंडी खाते, पिल्ले खाते, म्हणून मासा डोके वर काढू शकत नाही. शेतात पिकाची जागा एकदा तणाने घेतली की नुसते बी टाकून भागत नाही, तशी गत.

नामिबिया लांब वाटत असेल तर केरळ घ्या. २०१२ मध्ये एकट्या केरळात जवळजवळ ४ लाख टन तारले उतरले होते. २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. लाख नव्हे, हजार. तिथल्या होडीवाल्यांचे काय झाले असेल ते मी सांगायला नको. पुढच्या वर्षी तारला पुन्हा थोडा वर आला, तो तसा चंचल मासा आहेच. पण इतका खाली गेलेला आकडा बघून अंगावर काटा येतो.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. केरळातला तारला केवळ मच्छीमारांनी संपवला असे कोणी म्हणत नाही. २०१५ च्या एल निनोने पाणी तापले, पाऊस आणि वारा बिघडला, अन्न कमी झाले. "दर्या तापला त्यात आमचा काय दोष?" हा प्रश्न बरोबर आहे. पण माझे म्हणणे उलट बाजूने आहे. दर्या तापणे आपल्या हातात नाही, म्हणून तर जे हातात आहे ते जपायचे. वाईट वर्ष आले की अंडी घालणारे मासे जितके जास्त शिल्लक, तितके पुढचे वर्ष सावरते. घरात आजार येणार हे माहीत असताना कोणी बँकेतली पुंजी आधीच मोडत नाही.

केरळने मात्र त्यातून एक गोष्ट केली. २०१५ पासून त्यांनी मासळीच्या कमीत कमी लांबीचे नियम लावायला सुरुवात केली. तारला १० सेंटीमीटरपेक्षा लहान आणि बांगडा १४ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर तो उतरवायचा नाही. खरे तर तारला अंडी घालायच्या वयात येतो तो १५ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे १० ही तडजोडच आहे. पण शून्यापेक्षा बरी.

आता पैशाचे बोलू, कारण शेवटी सगळे तिथेच येते. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारण आठपट होते. कारण तो नुसता लांब होत नाही, रुंद आणि जाडही होतो. ८ सेंटीमीटरच्या तारल्याला १६ सेंटीमीटरचा होऊ दिला तर तोच एक मासा आठ माशांच्या वजनाचा. सगळे जगणार नाहीत हे मला कळते. काही इसवण खाईल, काही मोरी खाईल, काही असेच मरतील. समजा निम्म्याहून जास्त गेले, तरी राहिलेल्यांचे वजन आज पकडलेल्यापेक्षा जास्त भरते. आणि जे इसवणाने खाल्ले ते वाया गेले का? ते इसवणाच्या रूपाने आपल्याकडेच येते, आणि तिचा दर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. शिवाय मोठा तारला माणूस खातो, त्याला बाजाराचा दर. बारीक तारल्याला फिश मिलचा दर, तोही ट्रकवाला सांगेल तो. मिलमध्ये साधारण चार-पाच किलो ओल्या मासळीचे एक किलो पीठ होते आणि ते बहुतेक कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्या गोयकाराच्या हुमणात काही येत नाही.

आता तुमचे आक्षेप. ते मी जेटीवर बसून रोज ऐकतो.

पहिला: "आम्ही सोडले तर दुसऱ्या राज्याची बोट येऊन नेईल." होय, काही प्रमाणात नेईल. पण हे बोलणे सगळेच बोलतात. ते तिकडे आपल्याबद्दल हेच बोलतात. कोणीतरी पहिले थांबायला लागते. गोव्यात १९७० च्या दशकात मतानी साल्ढाणांबरोबर रांपणकार रस्त्यावर उतरले तेव्हाही लोक म्हणालेच होते की ट्रॉलर काही थांबणार नाहीत. पण त्यातूनच १९८० चा मासेमारी कायदा आला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक होडीवाल्यांसाठी राखला गेला. कायदा किती पाळला जातो हा वेगळा वाद, पण नसता तर आज रांपण फोटोतच राहिली असती.

दुसरा: "डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, बँकेचा हप्ता. आलेला मासा सोडायला आम्ही काय साधू आहोत?" हा आक्षेप खरा आहे आणि याला मी हसत नाही. रात्रभर फिरून आलेल्या होडीने रिकामे परत जायचे हे बोलायला सोपे. म्हणून भार एकट्या मालकावर टाकून चालणार नाही, सोसायटीनेही उचलला पाहिजे. खाली त्याबद्दल लिहिले आहे.

तिसरा: "जाळे टाकल्यावर बारीक की मोठे ते कसे कळणार?" कळते. आमचा एक म्हातारा तांडेल थव्याची चमक आणि पाण्यावरची सळसळ बघून सांगतो. ज्याला तेवढे येत नाही त्याने जाळे पुरते आवळायच्या आधी बादलीभर काढून बघावे. बारीक असतील तर तेव्हाच दोर सैल करून सोडून द्यावे. उशीर केला तर उपयोग नाही. जाळ्यात घासून खवले गेलेला तारला सोडला तरी मरतो. सोडायचे तर लवकर सोडायचे, नाहीतर सोडल्याचे नुसते समाधान.

चौथा, जो उघड कोणी बोलत नाही पण मनात असतो: "एलईडीवाले रात्री उजेड पाडून सगळे ओढतात, त्यांना आधी पकडा." अगदी बरोबर. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी आणि बुल ट्रॉलिंग दोन्हींवर बंदी घातली आहे. उजेडाला लहान-मोठे सगळेच येते, त्यात निवड राहत नाही. त्यासाठी आपण निवेदने दिली आहेत, पुन्हा देऊ. पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या जेटीवर आठ सेंटीमीटरचे तारले फावड्याने भरले जात असतील तर अधिकारी आपल्या तोंडाकडे बघून हसतो. मी त्या खुर्चीसमोर बसलो आहे, मला माहीत आहे.

जाता जाता नदीबद्दल दोन शब्द. दर्याचे दुसरे खत नदीच्या मुखाशी तयार होते. खारफुटीची पाने पडतात, कुर्ल्या ती फाडतात, जिवाणू कुजवतात, आणि त्यावर सुंगटांची पिल्ले वाढतात. पांढरे सुंगट जन्माला दर्यात येते, पण बाळपण नदीत आणि खाजनात काढते, मोठे होऊन परत दर्यात जाते. आपल्या वाडवडिलांनी मानशीचे दार भरती-ओहोटीच्या वेळा बघून उघडले-लावले ते उगाच नाही. त्याच नदीत आपण जेटीवरून वापरलेले ऑइल, फाटकी जाळी आणि सडलेली मासळी टाकतो. सडलेली मासळी खत नाही का, असे कोणी विचारेल. खत आहे, पण एकाच जागी ढीग टाकला की रोप जळते. पाण्यात तेच, तिथला प्राणवायू संपतो.

आता मुद्द्याचे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी १० वाजता सभा आहे. त्यात मी पुढील गोष्टी मांडणार आहे:

१. आपल्या जेटीवर १० सेंटीमीटरपेक्षा लहान तारले आणि १४ सेंटीमीटरपेक्षा लहान बांगडुले सोसायटी वजन करणार नाही, पावती फाडणार नाही, कमिशन घेणार नाही. वजनकाट्याजवळ खुणा केलेली पट्टी ठेवायची. चुकून मोठ्या मालात थोडे बारीक आले तर हरकत नाही, पण सगळा मालच बारीक असेल तर नाही.

२. बारीक थवा सोडून रिकामी परतलेल्या होडीला त्या फेरीच्या बर्फाचे पैसे सोसायटीने माफ करावे. पैसे कुठून येतील ते मी हिशेब मांडून सभेत दाखवतो. कोणी खोटे सांगून फायदा घेईल ही भीती मलाही आहे. पण जेटीवर कोण काय करतो हे एकमेकांपासून लपत नाही.

३. थवा बारीक दिसला की त्या होडीने व्हॉट्सॲप ग्रुपवर जागा टाकावी, म्हणजे बाकीच्यांचे डिझेल वाचेल. आजवर आपण चांगली जागा लपवत आलो, निदान वाईट जागा तरी सांगू.

४. जेटीवर ऑइल आणि जाळ्यांसाठी पिंप ठेवायचे आणि ते भरले की उचलायची जबाबदारी ठरवायची.

हे ठराव पडतीलही. मला त्याचे वाईट वाटेल, पण राग येणार नाही. एक मात्र सांगतो. मी बारावी शिकलेला माणूस, हिशेबाच्या वह्या लिहिणे हे माझे काम. वहीत एका बाजूला जमा असते, दुसऱ्या बाजूला खर्च. कर्जदाराला मी नेहमी सांगतो, व्याज खा, मुद्दल खाऊ नका. दर्याचे व्याज म्हणजे अंडी घालून मोठा झालेला मासा. बोटभर तारला हे मुद्दल. गेल्या ऑक्टोबरात आपण चार-पाच दिवस मुद्दल खाल्ले आणि मी ते वहीत जमेच्या बाजूला लिहिले. ती नोंद चुकीची होती. या वर्षी तरी ती बरोबर लिहावी एवढीच इच्छा आहे.

मावशीला मी सभेला बोलावले आहे. मासे विकणाऱ्या बायकांना आपण सभेत कधी बोलू देत नाही. या वेळी तिला पहिले बोलू द्या.

सगळ्यांचा हंगाम चांगला जावो.

तुमचा,
सचिव